उशिरा वाचलेली पत्रे

वर्धापनदिनाच्या अंकात अशुभ विषय काढू नये, असा रिवाज आहे. पण घरातल्या घरात बायका जिवाला मुकतात, ही गोष्ट झाकून ठेवल्याने थांबत नाही. म्हणून हे चार शब्द.

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा ही नवविवाहिता विषाने दगावली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. खालच्या कोर्टात पतीला फाशी सांगितली गेली, पण खून सिद्ध होत नाही म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली दुःखाची पत्रे कोर्टात वाचली गेली. पण तेव्हा ती नव्हती! विद्याताई बाळ यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरवून बायकांना बोलते केले. पुढे १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध व १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध कलमे आली.

परदेशात या प्रश्नाचा अभ्यास निराळ्या वाटेने झाला. कॅनडातील मार्टिन डेली व मार्गो विल्सन यांनी दाखवले की, बाई नवऱ्याला सोडून निघते तो काळ फार धोक्याचा. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिकेने मार खाणाऱ्या बाईला विचारायचे प्रश्नच ठरवून दिले: गळा दाबला का? जीव घेण्याची धमकी दिली का? घरात हत्यार आहे का? इंग्लंडात २०११ पासून अशा प्रत्येक मृत्यूनंतर, कोणाला काय ठाऊक होते आणि कोठे चुकले, याची चौकशी करणे कायद्याने बंधनकारक झाले.

आपल्याकडे मोजणी मुख्यतः हुंड्याभोवती राहिली. हुंडाबळीचे कलम लग्नापासून सात वर्षांपुरतेच. आठव्या वर्षी मेली तर त्या रकान्यात ती येत नाही. ‘स्टोव्हचा भडका’ म्हटले की प्रकरण मिटते. २००१ सालात भाजून सुमारे १,०६,००० स्त्रिया गेल्या, असा अंदाज संशोधकांनी पुढे मांडला. त्यांतल्या किती अपघाताने गेल्या, हे कोण सांगणार?

आपल्या बेटेगावात आणि बोईसरकडे कामधंद्यासाठी दूरदूरची कुटुंबे येऊन राहतात. अशा सुनेचे माहेर लांब. तिला जवळची अशी शेजारीणच. भिंतीपलीकडून किंकाळी आली तर ‘त्यांच्या घरचे भांडण’ म्हणून दार लावून घेऊ नये. दाराची कडी वाजवावी, दुसऱ्या दिवशी तिला एकटीला गाठून वरचे तीन प्रश्न विचारावेत. घर सोडायचे ठरले तर तिला एकटी जाऊ देऊ नये. १८१ व ११२ हे नंबर पाठ असावेत.

मंजुश्रीची पत्रे उशिरा वाचली गेली. आपल्या गल्लीतल्या बाईचे बोलणे तरी वेळेवर ऐकू या.