कोळशावर चाललेली मोटार : आयर्लंडची आणि आपल्याकडची

आपल्या घरात 'आणीबाणी' म्हटलं की 1975 साल आठवतं. शेजारच्या आयरिश आजोबांना 'इमर्जन्सी' म्हणा, ते 1939 ते 1945 या काळाबद्दल बोलू लागतील. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिला आणि त्या सहा वर्षांना इथे हेच नाव पडलं. त्या काळातली एक गोष्ट इथल्या आणि महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या माणसांना सारखीच आठवते, ती म्हणजे कोळशावर चालणारी मोटार. पेट्रोलसाठी बनवलेल्या ट्रकच्या इंजिनाला तेव्हा कोळशाचा धूर कसा पचवायला लावला, त्याची ही हकिकत.

आधी कार्ब्युरेटर म्हणजे काय ते पाहू, कारण तुमच्या मुलांनी तो बहुधा पाहिलेलाच नाही. इंजिन हवा आत ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबामुळे बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचलं जातं आणि त्याचा फवारा होतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणं हे कार्ब्युरेटरचं काम. तिथून मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्या म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. इंधन बदललं की या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतात.

आयर्लंडला हा धडा युद्धाच्या आधीच मिळाला होता. हेन्री फोर्डचे वडील विल्यम कॉर्क परगण्यातल्या बॅलिनास्कार्थीचे. दुष्काळाच्या दिवसांत, 1847 मध्ये, ते अमेरिकेला गेले. सत्तर वर्षांनी, 1917 मध्ये, मुलाने कॉर्क शहरात ली नदीकाठी कारखाना काढला. तिथून 3 जुलै 1919 रोजी पहिला फोर्डसन ट्रॅक्टर बाहेर पडला. गावोगावच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यांत फोर्डसन आजही दिसतो. दिसला तर त्याच्या इंधनाच्या दोन टाक्या पाहा, मोठी रॉकेलची आणि छोटी पेट्रोलची. रॉकेल स्वस्त, पण थंड असताना त्याची वाफ होत नाही. म्हणून एक्झॉस्टच्या उष्णतेने इनटेक तापवायची सोय केली होती. पेट्रोलवर इंजिन सुरू करायचं, ते तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. शेवटची पायरी विसरली की दुसऱ्या दिवशी हँडल मारून मारून खांदे भरून येत.

युद्धात पेट्रोल आटलं. आयर्लंडकडे स्वतःचं तेल नव्हतं, ते ब्रिटनच्या मर्जीवर येई. 1941 च्या सुरुवातीला वाटपाचं पेट्रोल एकदम कापलं गेलं आणि 1943 पर्यंत खासगी मोटारी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. दगडी कोळसाही येईना, म्हणून दलदलीतून टर्फ काढून तो डब्लिनला आणायचा आणि फिनिक्स पार्कमध्ये त्याचे डोंगर रचायचे अशी वेळ आली. आता हा टर्फ वाहायचा कशाने? लॉऱ्या तर हव्याच होत्या! काही मोटारींनी टपावर शहराच्या गॅसच्या मोठाल्या पिशव्या बांधल्या, तर काही गाड्यांनी गॅस तयार करणारी भट्टीच सोबत घेतली.

आपल्याकडेही तेच घडत होतं. हिंदुस्थानात 1941 मध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथलं तेलही गेलं. तेव्हा एसटी नव्हती. ती 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर या मार्गावर सुरू झाली. त्याआधी गावोगावी खासगी 'सर्व्हिस मोटारी' धावत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत असे, त्यामुळे शेवरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन इथल्या मिस्त्र्यांच्या चांगलं हातातलं होतं. अशा मोटारींच्या मागे उभं लोखंडी पिंप बसलं आणि त्यात लोणारी कोळसा पडू लागला.

आत काय चालायचं ते असं. कोळसा मुद्दाम कमी हवेत जाळायचा, म्हणजे तो पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यात थोडा हायड्रोजन असतो आणि निम्म्याहून जास्त तर न जळणारा नायट्रोजन. हा गॅस गाळण्यांतून आणि थंड करणाऱ्या नळ्यांतून इंजिनाकडे जाई. एक लिटर पेट्रोलचं काम करायला दीड-दोन किलो कोळसा लागे. सकाळी क्लीनरने पंख्याचं हँडल फिरवून विस्तव फुलवायचा आणि गॅस धरेपर्यंत प्रवाशांनी वाट पाहायची.

मिस्त्रीची खरी परीक्षा इनटेकमध्ये होती. पेट्रोलला पंधरापट हवा लागते, तर या गॅसला जवळपास त्याच्याइतकीच. म्हणजे सिलिंडरची अर्धी जागा गॅसच अडवतो आणि तोही दुबळा. ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने घटे. फोर्डसनमध्ये इनटेक तापवणं गरजेचं होतं, इथे नेमकं उलट. गॅस थंड असेल तरच सिलिंडरमध्ये जास्त मावतो, म्हणून मॅनिफोल्डची तापवणी बंद करायची. नळ्या रुंद करायच्या. कार्ब्युरेटरच्या जोडीला हवा आणि गॅस मिसळणारा व्हॉल्व्ह बसवायचा. हा गॅस सावकाश जळतो, म्हणून ठिणगी जरा आधी पाडायची. तो दाबाखाली ठोका देत नाही, म्हणून हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं. यातलं जेवढं जमेल तेवढी ताकद परत मिळे. जिथे नुसतं पिंप बसवून काम भागवलं, तिथे घाट आला की प्रवासी खाली!

किंमत वेगळीही मोजावी लागे. गाळणी नीट साफ केली नाही तर राखेने सिलिंडर खरवडून निघत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद शेडमध्ये भट्टी धुमसत ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणूनच पेट्रोल परत मिळू लागताच ही पिंपं लोकांनी आनंदाने भंगारात टाकली. आज ती फारशी कुठे पाहायला मिळत नाहीत.

हा सगळा जुना इतिहास वाटत असेल, तर पेट्रोल पंपावरचं लेबल वाचा. आयर्लंडमध्ये 2023 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, भारतात ते वीस टक्क्यांपर्यंत पोचलं आहे. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि बुचाच्या लाकडाचे फ्लोट खराब करतं. त्याच्यासोबत ऑक्सिजनही येतो, त्यामुळे जुन्या जेटमधून मिश्रण जरा पातळ पडतं. जुना ट्रक जपणारा माणूस म्हणून पाइप, फ्लोट बदलतो आणि जेट थोडा मोठा घेतो. तेलाचा मालक दुसराच असतो आणि त्याच्या निर्णयाप्रमाणे इंजिनाचा गळा आपल्याला बदलावा लागतो. ऐंशी वर्षांपूर्वी ना डब्लिन त्याला अपवाद होतं, ना आपला घाट.

आता तुमच्यासाठी, विशेषतः इथे वाढलेल्या मुलामुलींसाठी एक काम. 1943 मध्ये जे मूल आठ वर्षांचं होतं, ते आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. फोनवर आजी-पणजोबांना विचारा, की कोळशाच्या मोटारीत बसलात का, पंखा कोण फिरवायचं, कुठल्या चढाला उतरून धक्का मारावा लागे, कपड्यांना कसला वास येई? मग हेच प्रश्न घेऊन शेजारच्या आयरिश आजींकडे जा. दोन्ही उत्तरं, मराठीत असोत की इंग्रजीत, वहीत उतरवून ठेवा. पिंपं भंगारात गेली, पण हँडल फिरवलेले काही हात अजून आहेत. त्यांना यंदाच्या दिवाळीतच विचारा.