सिंटाग्मा चौक : कर्ज, कपात आणि जनआंदोलन

अथेन्समधील ज्या सिंटाग्मा चौकात 2010 नंतर काटकसरविरोधी आंदोलने उसळली, त्याला राज्यघटनेचा चौक हे नाव मिळवून देणाऱ्या उठावामागेही परकीय कर्जाचाच ताण होता, हे ग्रीक संकटाच्या चर्चेत सहसा ध्यानात घेतले जात नाही. ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्या हमीवर मिळालेल्या 6 कोटी फ्रँकच्या कर्जाची फेड 1843 मध्ये थकली, तेव्हा या हमीदार सत्तांनी राजा ओथो याला लष्कर आणि प्रशासन यांच्या खर्चात मोठी कपात करावयास लावले, आणि त्याच वर्षी 3 सप्टेंबरला राजवाड्यासमोर जमलेल्या सैनिकांनी व नागरिकांनी त्याच्याकडून राज्यघटनेचे वचन मिळवले. पुढे 1893 मध्ये देशाचे दिवाळे निघाले आणि 1898 पासून मीठ, रॉकेल, आगपेट्या व पत्ते यांसारख्या सरकारी मक्तेदाऱ्यांचे उत्पन्न धनकोंच्या वतीने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय समितीच्या ताब्यात गेले.

त्यामुळे मे 2010 मध्ये 110 अब्ज यूरोंच्या कर्जाबरोबर 'त्रोइका', म्हणजे युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची संयुक्त देखरेख आली, तेव्हा पगार व निवृत्तिवेतन घटल्याच्या संतापाला आपल्या देशाचा कारभार पुन्हा परक्यांच्या हाती जात असल्याची भावना येऊन मिळाली. त्याच महिन्याच्या 5 तारखेच्या सार्वत्रिक संपात जमावातील काहींनी एका बँकेच्या शाखेला आग लावली आणि तीन कर्मचारी प्राणास मुकले. आंदोलनाच्या न्याय्य बाजूकडे पाहताना हे मृत्यू विसरणे अक्षम्य ठरेल.

25 मे 2011 पासून, स्पेनमधील चौक-आंदोलनापासून स्फूर्ती घेऊन, हजारो लोक सिंटाग्मात ठाण मांडून बसू लागले. चौकाच्या वरच्या भागात, संसदेच्या म्हणजेच त्या जुन्या राजवाड्याच्या समोर, उघडा पंजा पुढे करून लोकप्रतिनिधींचा धिक्कार होई, तर खालच्या भागात दररोज जनसभा भरे, वक्ते चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि राष्ट्रीय कर्जाच्या वैधतेपासून सफाईच्या पाळ्यांपर्यंत सर्व विषय चर्चेला येत. मध्यावधी काटकसर योजनेवर 29 जूनला मतदान झाले त्या दिवशी पोलिसांनी इतका अश्रुधूर सोडला की निदर्शक आम्लपित्तावरील औषध पाण्यात कालवून चेहऱ्याला फासत होते. योजना मात्र 155 विरुद्ध 138 मतांनी संमत झाली. फेब्रुवारी 2012 मधील दुसऱ्या करारानुसार किमान वेतन 22 टक्क्यांनी, पंचवीस वर्षांखालील कामगारांसाठी 32 टक्क्यांनी घटले, आणि पुढच्या वर्षी बेरोजगारी 27 टक्क्यांवर पोहोचली.

या संतापावर स्वार होऊन जानेवारी 2015 मध्ये सिरिझा हा डावा पक्ष सत्तेवर आला. 5 जुलैच्या सार्वमतात 61 टक्के मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या, परंतु बँका बंद आणि रोज 60 यूरोच काढण्याची मुभा अशा कोंडीत सापडलेल्या सरकारने दहा दिवसांतच नव्या अटींची पहिली विधेयके संसदेत मांडली, आणि ज्या पक्षाचे अनेक कार्यकर्ते 2011 मध्ये या चौकात बसले होते त्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध 15 जुलैच्या रात्री तेथे निदर्शने झाली.