घोड्याकडून आलेलं बकल

अमेरिकेत डोंगरवाटांवरची शंभर मैलांची शर्यत वेळेत पूर्ण केली की बहुतेक ठिकाणी कमरेच्या पट्ट्याचं बकल देतात. चांगलं वजनदार, मुठीत न मावणारं. या शर्यतींची तयारी करणारी माणसं वर्ष-वर्ष पहाटे उठतात, सुट्ट्या डोंगरात घालवतात, पायांची नखं गमावतात, आणि ते सगळं कशासाठी असं विचारलं तर पुष्कळ जण सरळ सांगतात, बकलासाठी. धावणाऱ्याच्या अंगावर मात्र पट्टा कधीच नसतो. कातडी पट्टा आणि चांदीचं बकल हा घोडेस्वाराचा साज. तो धावपटूकडे आला, कारण ही शर्यतच मुळात घोड्यांची होती.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न या गावची. सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वसलेलं हे गाव १८४९ च्या सोन्याच्या लाटेत वाढलं. तिथून पर्वत ओलांडून ताहो सरोवराकडे जाणारी एक जुनी पाऊलवाट आहे. वॉशो आणि निसेनान लोक तिच्यावरून जात-येत असत. मग खाणवाले आले आणि त्यांच्या मालवाहू खेचरांनी ती रुळवली. खाणी ओस पडल्यावर वाटही झाडोऱ्यात हरवत चालली होती. ऑबर्नमध्ये वेंडेल रोबी नावाचा एक गृहस्थ होता. लाकडाचा व्यापार, बँक, शिवाय घोड्यांचं वेड. आताच्या घोड्यांत पूर्वीसारखा दम राहिलेला नाही, एका दिवसात शंभर मैल त्यांना झेपणार नाहीत, असं बोललं जाई, आणि रोबीला ते मान्य नव्हतं. ऑगस्ट १९५५ मध्ये, वयाच्या साठीत, तो आणखी चार स्वारांसह ताहोच्या बाजूने निघाला आणि २४ तासांच्या आत ऑबर्नला पोहोचला. दुसऱ्या वर्षीही स्वारी निघाली आणि तिचा दरसालचा रिवाज पडला. १९५९ मध्ये वेल्स फार्गोचे एकेकाळचे अध्यक्ष लॉइड टेव्हिस यांच्या स्मरणार्थ त्यांच्या नातवाने चषक दिला, तेव्हापासून ती टेव्हिस कप म्हणून ओळखली जाते.

पहिल्या येणाऱ्याला चषक, आणि २४ तासांत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बकल. त्यावर दौडत जाणारा पोनी एक्सप्रेसचा टपालस्वार, आणि ‘शंभर मैल, एक दिवस’ अशा अर्थाचा मजकूर. पहिला आला काय किंवा शेवटची दहा मिनिटं उरली असताना आला काय, बकल एकच. पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं, हे या स्वारीचं जुनं ब्रीद आहे.

पण बकल नुसतं पोहोचल्याने मिळत नाही. वाटेत ठरावीक ठिकाणी पशुवैद्य उभे असतात. घोडा आला की आधी नाडी बघतात. ठरलेल्या वेळात ती ठरलेल्या आकड्याखाली उतरली नाही तर घोडा पुढे जात नाही. मग हिरडीवर बोट दाबून सोडतात आणि रंग किती पटकन परततो ते पाहतात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी कमी झालेलं. पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, कारण थकलेल्या घोड्याचं पोट गप्प होतं आणि ते धोक्याचं असतं. शेवटी त्याला दुडक्या चालीने पळवून बघतात, कुठे लंगडतोय का. स्वाराला कितीही पुढे जायचं असो, शब्द पशुवैद्याचा. घोड्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने ते म्हणणारं कोणीतरी वाटेवर असलंच पाहिजे, हे तत्त्व इथे नियमात बसवलेलं आहे.

या स्वारीत गॉर्डी एन्सली नावाचा एक तरुण येऊ लागला. धिप्पाड, दाढीवाला, नव्वद किलोंच्या वरचा. एवढं वजन घेऊन घोड्याने शंभर मैल जायचं म्हणजे अवघड काम, तेव्हा गॉर्डी बराच वेळ खाली उतरून घोड्याच्या बाजूने पळत असे. जाणते स्वार खड्या चढावर असंच करतात. उतरून लगाम मोकळा सोडतात, घोड्याचं शेपूट धरतात आणि त्याच्या मागून चढतात. उतारावरही पायी जातात, म्हणजे घोड्याच्या पुढच्या पायांवर भार येत नाही. गॉर्डीने १९७१ आणि १९७२ ची स्वारी अशी पुरी केली. १९७३ मध्ये त्याचा नवा घोडा लंगडू लागला आणि एकोणतीस-तीस मैलांवर रॉबिन्सन फ्लॅटपाशी थांबावं लागलं. पुढच्या वर्षी घोड्याचीच पंचाईत होती. तेव्हा ड्रुसिला बार्नर यांनी त्याला सुचवलं, तू घोड्याशिवायच का येत नाहीस? बार्नर म्हणजे १९६१ मध्ये टेव्हिस कप जिंकणारी पहिली स्त्री, आणि आयोजक संस्थेच्या सचिव. गॉर्डी घोड्याशेजारी किती पळतो हे त्यांनी पाहिलेलं होतं.

या कुळकथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. घोड्यावरचा भार हलका करायला म्हणून तो पळत होता, आणि त्या पळण्यातूनच माणसांची शर्यत निघाली.

पायी शंभर मैल ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत चालण्याच्या स्पर्धा प्रेक्षकांनी भरून वाहत. २४ तासांत शंभर मैल चालणाऱ्यांची ‘सेंच्युरियन्स’ ही इंग्लंडमधली संघटना १९११ ची. याच वाटेवर १९७२ मध्ये कॅन्सासच्या फोर्ट रायली तळावरचे वीस सैनिक पायी निघाले होते आणि त्यांतले सात जण दोन दिवसांच्या आत ऑबर्नला पोहोचले होते. गॉर्डीला ‘पहिला’ म्हणताना या सातांना विसरू नये. पण घोड्याला दिलेल्या वेळात, घोड्यांबरोबर सुटून ही वाट पायी संपवता येते, हे दाखवायचं बाकी होतं.

३ ऑगस्ट १९७४ ला पहाटे तो घोड्यांच्या घोळक्यात सुटला. या वाटेवर एकूण साडेपाच हजार मीटर चढ आणि सात हजार मीटर उतार. मधल्या खोल दऱ्यांत वारा नसतो, आणि त्या दिवशी पारा चाळीस अंशांच्या वर गेला होता. सोबतीला धावणारा दुसरा कोणी नाही, धावणाऱ्यासाठी वेगळी व्यवस्था नाही. अमेरिकन नदी पार करून, अंधारातली वाट तुडवत तो २३ तास ४२ मिनिटांनी ऑबर्नला पोहोचला.

पुढच्या वर्षी रॉन केली ९७ मैल गेला आणि, २४ तासांत संपवायला दोन तास हातात असूनही, तिथे थांबला. १९७६ मध्ये केन शर्क पोहोचला, पण चोवीस तासांवर अर्धा तास उलटून गेला होता. १९७७ मध्ये पहिली अधिकृत धावशर्यत झाली, तीही घोड्यांच्याच दिवशी. १४ जण सुटले. त्यांची तपासणी घोड्यांसाठी मांडलेल्या तीन थांब्यांवरच झाली. बावीस वर्षांचा अँडी गोन्झालेस २२ तास ५७ मिनिटांत आला. अकरा जणांनी माघार घेतली किंवा त्यांना थांबवलं गेलं. उरले दोघे, ५३ वर्षांचे पीटर मॅटाई आणि ५४ वर्षांचे राल्फ पाफेनबार्गर. ते बरोबरच पोहोचले, २८ तास ३६ मिनिटांनी. घोड्याची वेळ कधीच सरली होती. पण पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं शंभर मैल चालून-पळून आली आहेत आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं, हे कोणाला पटेना. त्यांच्यामुळे तीस तासांची मर्यादा ठरली. आज चोवीस तासांच्या आत येणाऱ्याला चांदीचं बकल आणि तीस तासांच्या आत येणाऱ्याला काशाचं, ही वाटणी तिथून सुरू झाली. जगातल्या कितीतरी शंभर मैलांच्या शर्यती आज तीस तासांचा कट-ऑफ ठेवतात, त्यामागे हे दोन प्रौढ गृहस्थ आहेत.

पाफेनबार्गर साधे धावपटू नव्हते. नियमित अंगमेहनत करणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे सॅन फ्रान्सिस्कोचे गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवणारे ते साथरोगतज्ज्ञ. डॉक्टरांनी आज आपल्याला रोज चालायला सांगावं, यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

१९७८ मध्ये धावणारे घोड्यांपासून वेगळे झाले. शर्यत जूनमध्ये गेली, ६३ जण सुटले, ३० पोहोचले, आणि पॅट स्मिथ ही पहिली स्त्री २९ तास ३४ मिनिटांत आली. हीच ‘वेस्टर्न स्टेट्स’. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियात ओल्ड डोमिनियन ही शर्यत सुरू झाली, तीही घोड्यांच्या स्वारीतून निघालेली. लेडव्हिलसारख्या पुढच्या शर्यतींत घोडे नव्हते, पण बकल तिथेही आलं.

वेगळं होताना धावणाऱ्यांनी पशुवैद्याची रीत सोबत नेली. वेस्टर्न स्टेट्समध्ये अनेक वर्षं सुटण्याआधी प्रत्येकाचं वजन करत आणि ते मनगटावरच्या पट्टीवर लिहीत. वाटेतल्या थांब्यांवर पुन्हा काटा. वजन तीन टक्के घटलं तर खा-प्या, पाच टक्के घटलं तर थांबा, सात टक्के घटलं तर शर्यत संपली. घोड्याची चिमटीत धरलेली कातडी इथे काट्यावरचा आकडा होऊन आली होती. ही रीत पुढे मोडली, आणि मोडली ते बरं झालं. इतक्या लांब धावताना शरीर साठवलेलं इंधन जाळतं, तेव्हा थोडं वजन घटणं साहजिक असतं. उलट काट्याच्या धाकाने भसाभस पाणी पिणाऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताहून खारट असतो, माणसाचा पुष्कळ कमी खारट. एकाचं माप दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होणार नव्हतं. तरीही त्या काट्यामागची जाणीव खरी होती. पन्नासाव्या मैलावर माणूसही स्वतःबद्दल धड सांगू शकत नाही. कसं वाटतंय विचारलं तर ‘मस्त’ म्हणतो आणि पुढच्या वळणावर बसतो.

सरावाचं घोडेवाल्यांचं शहाणपणही तितकंच उपयोगी आहे, आणि ते आपण पुरेसं ऐकत नाही. ते सांगतात, घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायुबंध आणि हाडं घट्ट व्हायला कित्येक महिने जातात. दम आला म्हणून लगेच वेग वाढवला की पाय जातो. सह्याद्रीत सिंहगड-राजगड-तोरणासारख्या लांब वाटांची तयारी करणारी तरुण मुलं मी बघतो. चढ मारण्याची त्यांची ईर्षा जबर असते, पण मांड्या फोडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याचे तंतू फाटतात, आणि त्या माराची सवय फक्त उतरूनच होते. शनिवारी घाईने वर जाऊन गाडीने खाली येणाऱ्याला मी नेहमी सांगतो, वर गाडीने जा, खाली पायी ये. वेस्टर्न स्टेट्सच्या वाटेवर उतार चढापेक्षा दीड हजार मीटरने जास्त आहे, आणि तिथे घोड्याचे पुढचे पाय वाचवायला स्वार का उतरतो, हे आपल्या मांड्यांना कळतं.

एक गोष्ट मात्र धावणाऱ्यांनी घोड्यांकडून घेतली नाही, आणि ती घ्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. टेव्हिसमध्ये घोडा ऑबर्नला पोहोचला तरी शर्यत संपत नाही. पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होते. तो लंगडत असेल किंवा पुढे जाण्याच्या अवस्थेत नसेल, तर आलेला घोडाही बाद. २००६ मध्ये वेस्टर्न स्टेट्सला ब्रायन मॉरिसन सगळ्यांच्या पुढे ऑबर्नच्या शाळेच्या मैदानात शिरला आणि शेवटच्या काहीशे मीटरांत पुन्हा पुन्हा कोसळला. सोबत्यांनी त्याला धरून रेषेपार नेलं. तो बाद ठरला, पण दुसऱ्याची मदत घेतली म्हणून. स्वतःच्या पायांनी खुरडत आला असता तर विजेता ठरला असता. घोड्यांच्या नियमात त्या खुरडण्याचीच विचारपूस झाली असती.

टेव्हिसचा दुसरा मोठा चषक याच विचारातून आला, १९६४ मध्ये. हॅगिन कप, लॉइड टेव्हिसचे भागीदार जेम्स हॅगिन यांच्या नावाचा. पहिले दहा घोडे दुसऱ्या दिवशी पुन्हा पशुवैद्यांसमोर आणतात. रात्रभराच्या विश्रांतीनंतर पाठ, पाय, नाडी, चाल सगळं बघतात, आणि ज्याची तब्येत सर्वांत चांगली, जो आजही खोगीर चढवून निघू शकेल, त्या घोड्याला तो चषक मिळतो. तो शर्यतीत दहावा आलेला असला तरी चालतं. स्वारांच्या जगात पुष्कळ जण हा मान टेव्हिस कपाहूनही वरचा मानतात. माणसांच्या शर्यतीत असा चषक द्यायचं ठरवलं असतं, तर आपण सगळ्यांनीच सराव वेगळा केला असता.