संखेड्याचे लाखकाम आणि लेथवरचे शोभेचे पक्षीघर

वडोदरा शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी संखेडा हे गाव वसले आहे. पूर्वी वडोदरा जिल्ह्यात असलेले हे गाव २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. लेथला गुजरातीत ‘संघेडो’ म्हणतात आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. येथील खरादी-सुतार कुटुंबांनी जोपासलेल्या या कलेला ‘संखेडा फर्निचर’ या नावाने जीआय मानांकन लाभले आहे.

संखेड्याची ओळख झोपाळे, पाळणे आणि खुर्च्या यांमुळे असली, तरी त्याच कातकामातून खेळणी, फुलदाण्या आणि टांगण्याच्या शोभेच्या वस्तूही घडवता येतात. लहानसे पक्षीघर हा या कसबाचा उत्तम नमुना ठरेल, कारण कातारीच्या जवळजवळ सर्व कौशल्यांची कसोटी त्यात लागते.

यासाठी पुरते वाळलेले सागाचे लाकूड लागते. ओले लाकूड कातल्यानंतर आकसते, तडकते आणि रंगाचा थर उचलून धरते. ठोकळा लेथच्या दोन टोकांमध्ये धरून प्रथम गोल केला जातो. मग तो एका बाजूने पकडून धड आतून कोरतात. भिंत फार जाड राहिली तर वस्तू जड होते आणि फार पातळ झाली तर पटाशी आरपार जाते. छप्पर वेगळ्या तुकड्यातून शंकूसारखे कातून धडावर घट्ट बसवले जाते. दाराचे छिद्र, त्याखालची बसायची काडी आणि तळाचा लोलक यांनी आकार पूर्ण होतो.

यानंतर येते संखेड्याचे खरे वैशिष्ट्य. कथील सरसाबरोबर कुटून त्याचा लगदा करतात आणि त्याने बारीक कुंचल्याने नक्षी रेखतात. नक्षी वाळली की ती अकीक दगडाने घोटून चकचकीत करतात. मग वस्तू पुन्हा लेथवर फिरू लागते आणि लाखेची कांडी तिच्यावर दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडाला धरते, तर केवड्याच्या पानाने ती सर्वत्र सारखी पसरवली जाते. पांढऱ्या कथलावर पारदर्शक लाखेचा पिवळसर थर चढताच नक्षी सोनेरी दिसू लागते. प्रत्यक्षात त्यात सोन्याचा कणही नसतो. लाख ही कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव आहे.

वडोद्याला कारागिरीच्या शिक्षणाची परंपरा आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये तेथे कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर, हे स्वतः सुतार कुटुंबातील होते. हातातील कसब आणि शास्त्र यांची सांगड घालणे हा त्या संस्थेचा हेतू होता. पुढे ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत विलीन झाली.

गोमंतकीय वाचकाला हे काम परके वाटणार नाही. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचे रंगीत लाकूडकाम आणि शेजारच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी ही याच कुळातील भावंडे होत. या सर्वांपुढील अडचणही एकच आहे. फवाऱ्याने दिलेला रासायनिक रंग लवकर वाळतो, स्वस्त पडतो आणि दुरून लाखेसारखाच दिसतो. मानांकन नावाचे रक्षण करते. पद्धत मात्र तिची किंमत जाणणाऱ्या ग्राहकामुळेच टिकते.

लाख ओळखायची असल्यास वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा बोळा हलकेच घासावा. लाख स्पिरिटमध्ये विरघळत असल्याने तेथील थर मऊ पडून बोळ्याला लागतो. लाखेला उष्णता आणि ओल सोसत नाही, म्हणून अशी वस्तू उन्हात वा पावसाळी गॅलरीत टांगू नये. तसेच हे पक्षीघर केवळ शोभेचे आहे, हे विसरू नये. चिमणीला घरटे द्यायचे असेल, तर सुमारे ३२ मिलिमीटर छिद्राची, हवा खेळती ठेवणारी, आतून रंग न दिलेली लाकडी पेटी वेगळी लावावी.