सतह से उठता आदमी

हिंदी चित्रपट (१९८०). दिग्दर्शक मणि कौल (१९४४–२०११). कवी गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–६४) यांच्या कथा, कविता आणि वैचारिक गद्य यांवर आधारित. शीर्षक त्यांच्याच एका कथेचे.

मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत राहिले आणि कवी-समीक्षक म्हणून मान्यता पावले. गजाननरावांनी शिक्षकी केली, नागपुरात पत्रकारिता केली आणि १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यांच्या निधनानंतर निघाला. अशा आयुष्याची करुण चरितकहाणी सहज झाली असती. कौल यांनी ती टाळली, आणि चित्रपटाचे मोठेपण तिथूनच सुरू होते.

रमेश (गोपी), केशव (एम. के. रैना) आणि माधव (विभूती झा) ही मुख्य पात्रे. त्यांच्यात घडते थोडे, बोलले जाते पुष्कळ. पोट भरायचे तर कुठवर वाकायचे, आणि वाकलेल्या माणसाने लिहिलेले खरे असते का, हा प्रश्न या बोलण्याच्या तळाशी आहे. केशव हे नाव मुक्तिबोधांच्या 'एक साहित्यिक की डायरी'मधल्या 'तीसरा क्षण' या लेखातले. कलेचे तीन क्षण असतात, असे तिथे मांडले आहे: पहिला उत्कट अनुभवाचा, दुसरा तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे स्वप्नचित्रासारखा उभा राहण्याचा, तिसरा त्याला शब्दांत उतरवण्याचा. या तिसऱ्या क्षणी भाषा अनुभवाला वळवते, अनुभवही भाषेला ताणतो. कौल यांना ही झटापटच पडद्यावर हवी होती. म्हणून नट संवाद भावनेने रंगवत नाहीत, जवळजवळ वाचून दाखवल्यासारखे म्हणतात. शब्द चित्राचा अर्थ सांगत नाही आणि चित्रही शब्दाची नक्कल करत नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

कौल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांचे विद्यार्थी होते. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचा संस्कार त्यांच्या पहिल्या 'उसकी रोटी'पासून (१९६९) दिसतो. पण या चित्रपटाच्या लयीचे मूळ धृपदात शोधावे लागते. संगीत झिया फरीदुद्दीन डागर यांचे आहे, आणि कौल स्वतः डागर घराण्याकडे धृपद शिकले. आलापात एकेका स्वराला जसा अवकाश मिळतो, तसा इथे भिंतीला, खिडकीला, चालणाऱ्या माणसाला मिळतो. छायालेखन वीरेंद्र सैनी यांचे.

१९८१ च्या कान महोत्सवात हा चित्रपट 'अं सर्तें रगार' विभागात दाखवला गेला. तो अवघड आहे, हा आक्षेप खराच आहे. मुक्तिबोधांची कविताही पहिल्या वाचनात हाती लागत नाही. दुसऱ्यांदा पाहताना कान आधी सरावतो, डोळे मागून येतात.