परसबागेची नोंद कोणत्याच वहीत नाही



आमच्या कारंज्याचा इतिहास म्हटला की लोक तीन गोष्टी सांगतात. जुनी दिगंबर जैन मंदिरे आणि त्यांतली हस्तलिखिते, कापसाची बाजारपेठ आणि कस्तुरीच्या हवेलीची कथा. या सगळ्याबद्दल कोणी ना कोणी लिहून ठेवले आहे. पण त्या वाड्यांच्या मागच्या दारी काय होते? गोडलिंब, शेवगा, वालाचा मांडव, अंबाडीचे दोन वाफे. ते कुठेच लिहिलेले नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे याचे कारण मला लगेच कळते. परसातल्या भाजीचे बिल होत नाही, रोख जात नाही, रोख येत नाही. मग ती रोजमेळात चढणार कशी? सासरी जुन्या वह्या आहेत. त्यात सरकी आहे, तूर आहे, गाडीभाडे आहे, मंदिराला दिलेले दानही आहे. वर्षभर घर जिच्यावर जेवले त्या भाजीची एक ओळ नाही. म्हणून आज तो हिशेब मांडून पाहते.

सर्वांत जुनी नोंद मला सापडली ती वात्स्यायनाच्या कामसूत्रात. नाव ऐकून दचकू नका! त्याच्या चौथ्या अधिकरणात गृहिणीची कर्तव्ये आहेत आणि त्यात परसबागेचे चांगले वर्णन आहे. घराजवळ स्वच्छ जागी भाजीचे आणि औषधी वनस्पतींचे वाफे करावेत, उसाची बेटे लावावीत, जिरे, मोहरी, ओव्याच्या जातीची झाडे लावावीत, बागेच्या मध्ये विहीर किंवा तळे असावे. पुढे पालक, काकडी, वांगे, कोहळा, दुधी अशा भाज्यांचे बी योग्य वेळी गोळा करून योग्य वेळी पेरावे असेही म्हटले आहे. याच ग्रंथात वत्सगुल्म या प्रदेशाचाही उल्लेख येतो. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. बी जपणे हे बाईचे काम, ही समजूत इतकी जुनी आहे.

मात्र त्या यादीत मुळा आहे, सुरण आहे, कांदा-लसूणही आहे. आपली यादी इथेच वेगळी होते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रताच्या प्रकरणात मुळा, ओले आले, लोणी, कडुनिंबाची फुले आणि केतकी सोडायला सांगितली आहे. कारण दिले आहे ते अगदी हिशेबी: फळ थोडे, घात फार. माझ्यासारखीला हे वाक्य लगेच पटते. मिळकत किती आणि त्यासाठी किती जिवांचे नुकसान, हा ताळेबंदच आहे. आणि ‘ओले’ हा शब्द लक्षात घ्या. म्हणूनच आपल्या घरात आले नसते, पण सुंठ असते. ओली हळद नसते, पण हळकुंड असते.

आमच्या गावात १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. तो सुरू करणारे ब्रह्मचारी देवचंदजी पुढे मुनी झाले आणि त्यांनी समंतभद्र हेच नाव घेतले. रत्नकरंडाचे पाठ कारंज्यातल्या कितीतरी घरांत झाले. पाठ पुरुष म्हणत असतील, पण कोणता वाफा खणायचा आणि कोणता नाही हे बायकांनी त्यावरून ठरवले. आमच्या परसात जमिनीखालचे काहीच नव्हते. सगळे वर वाढणारे, वेलावर लोंबणारे, खुडता येणारे. झाड उपटायचे नाही, चार पाने घ्यायची आणि त्याला पुन्हा फुटू द्यायचे.

आता हवेकडे येते. ज्यांनी आमचा वैशाख पाहिला नाही त्यांना ही बाग कशी टिकत होती ते कळायचे नाही. पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, काळी जमीन हातभर भेगाळते आणि दुपारी पश्चिमेकडून झळा सुरू होतात. मृगाच्या तोंडावर वावधन सुटले तर मांडवच उडून जातो. उन्हापेक्षा वारा वाईट. पानांतले पाणी तो ओढून घेतो, मुळांना तेवढे वर पोहोचवता येत नाही, आणि फूल फळ धरण्याआधीच गळते.

जुन्या बायकांनी यावर तोड काढली होती, आणि ती आमच्या आजेसासूंकडून मी पाहिली. पश्चिमेला शेवरी आणि हादगा दाट लावायचा. पानमळ्यात वेलींना आधार आणि आडोसा म्हणून हीच झाडे लावतात, तीच रीत घरी आली. त्याच्या आत तुराट्यांचा कूड, पण मुद्दाम थोडा विरळ. भिंत वाऱ्याला अडवते तेव्हा वारा वरून उडी मारून पलीकडे भोवऱ्यासारखा आदळतो. विरळ कुडातून तो गाळून येतो आणि मंदावतो. शेवगा मात्र कोपऱ्यात, घराच्या आडोशाला, कारण त्याचे लाकूड ठिसूळ. वाफे उंच नाहीत, खोलगट, म्हणजे पाणी आत राहते. मातीवर कुटाराचा थर. पुदिना आणि गवती चहा न्हाणीच्या सांडपाण्यावर, सावलीत. अडुळसा कुंपणाला, कारण त्याला गुरे तोंड लावत नाहीत. पानांवर किडीसाठी चुलीची राख, ती कीड येण्याआधी, म्हणजे मारायची वेळच येऊ नये.

पाण्याचे नियम आणखी कडक. आडाचे पाणी दुहेरी फडक्याने गाळायचे आणि फडक्यातली जिवाणी परत आडातच सोडायची. गाळलेला प्रत्येक तांब्या मोलाचा असल्यामुळे तो दोनदा वापरला जायचा. आधी डाळ-तांदूळ धुवायला, मग तेच पाणी वाफ्याला. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगी होते. घरोघरी मिलो आणि सुकडीची बोलणी चालत. त्या वर्षी आमच्या माहेरी शेवग्याचा पाला आणि धुवणावर जगलेली चवळी, एवढीच काय ती हिरवी भाजी ताटात होती.

बागेचे पंचांगही वेगळे. चातुर्मासात पालेभाजीवर सूक्ष्म जीव फार, म्हणून ती बंद. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे काहीच नाही. त्यामुळे चैत्र-वैशाखाचे तेच कडक ऊन आमच्या कामी यायचे: गवार वाळवायची, सांडगे घालायचे, पुदिन्याचा पाला सावलीत सुकवायचा. दिवाळीनंतर मेथी, सांबार, शेपू, चाकवत. जो वारा बागेचा वैरी, तोच वाळवणाचा मित्र.

ही बाग नेहमी एकसारखीच होती असे समजू नका. मिरची पोर्तुगीजांच्या काळात आली, टोमॅटो परका म्हणून आजेसासू त्याला हात लावत नसत, पण त्यांच्याच परसात मिरचीची आठ-दहा झाडे होती! १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि वऱ्हाडची वावरे पांढरी झाली. नगदी पीक वाढले की खाण्याचे पीक आक्रसते. १८९९-१९०० च्या दुष्काळात कापसाच्या या श्रीमंत वऱ्हाडातही माणसे अन्नावाचून मेली. पुढे आमच्याकडे सोयाबीन आले. कपाशीच्या कडेने असणारी अंबाडी आणि चवळी वावरातून गेली ती गेलीच. तिचे बी राहिले ते परसात.

१९९८ साली वाशिम पुन्हा जिल्हा झाला. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव आले. त्या यादीत आरोग्य आणि पोषण मोजतात. आता बचत गटांतून ‘पोषण परसबाग’ लावायला सांगतात. चांगलेच आहे. पण जे शिकवायला आता मोहीम लागते, ते इथल्या बायकांना येत होते. मधल्या दोन पिढ्यांत ते सुटले.

आमच्याच घरचे सांगते. वाड्याची वाटणी व्हायची आहे. परसाच्या जागी गाड्या लावायला फरशी करावी असे मुलांचे म्हणणे आहे, आणि त्यांची अडचणही खोटी नाही. मी पश्चिमेकडची दहा फूट पट्टी मागितली आहे. कागदावर तिची किंमत ते काढतील, काढू द्या. मी दुसरा कागद तयार केला आहे: गेल्या वर्षी त्या पट्टीतून किती दिवस भाजी निघाली, किती गोडलिंब शेजारी गेला, सर्दी-खोकल्याला किती वेळा अडुळसा खुडला. चैत्र ते फाल्गुन, तारखेवार. वाटणीच्या बैठकीत तो वाचून दाखवणार आहे.

तुमच्या घरी ऐंशीच्या पुढची कोणी सासू, आत्या, काकू असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. कोणते बी कधी धरायचे, वाऱ्याला काय आडवे लावायचे, एवढे विचारा आणि वहीत लिहा. अंबाडीचे गावरान बी माझ्याकडे आहे. कारंज्याला आलात तर चिमूटभर घेऊन जा.