दीडशे माणसं आणि दहा महिने

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम/३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. घोडं अडलं ते यंत्रांपाशी नव्हे, तर ती चालवणाऱ्या ओएस/३६० या सॉफ्टवेअरपाशी. काम मागे पडलं की माणसं वाढवायची, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. ऐन भरात हजारावर माणसं या कामावर होती, त्यात कारकून आणि यंत्रचालकही आले. १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० माणूस-वर्षं खर्ची पडली असावीत, असा प्रकल्पप्रमुख फ्रेड ब्रुक्स यांचा अंदाज. तरीही सॉफ्टवेअर उशिराच आलं.

ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात यातला एक प्रसंग स्वतःची बाजू न सावरता सांगितला आहे. सॉफ्टवेअरचा तपशीलवार आराखडा लिहायचा होता. रचनाकारांच्या प्रमुखाकडे दहा चांगली माणसं होती. त्याने दहा महिने मागितले, म्हणजे वेळापत्रकापेक्षा तीन जास्त. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या प्रमुखाकडे दीडशे जण होते. तो म्हणाला, आराखडा आम्हीच वेळेत देतो. नाहीतर माझी दीडशे माणसं दहा महिने हातावर हात ठेवून बसतील. ब्रुक्स यांनी काम त्याला दिलं. आराखडा तीन महिने उशिरा आला, दर्जा घसरला आणि पुढे चुका शोधण्यात, त्यांच्याच मते, वर्षभर जादा गेलं. खरी चूक बहुधा आधीच झाली होती: माणसं कामाच्या आधी येऊन बसली होती, म्हणून त्यांच्यासाठी काम शोधावं लागलं.

उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा 'ब्रुक्सचा नियम' याच पुस्तकातला. त्यामागचं गणित शाळकरी आहे. दहा जणांत आपापसातल्या जोड्या ४५ होतात, दीडशे जणांत ११,१७५. शिवाय नव्याला शिकवणार कोण? तर जुनाच, हातातलं काम बाजूला ठेवून.

मग माणसं घ्यायची कधी? आयबीएमच्याच पीटर नॉर्डेन यांनी विकास-प्रकल्पांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की मनुष्यबळ हळूहळू चढतं, शिखर गाठतं आणि मग ओसरतं. सत्तरच्या दशकात अमेरिकी लष्करातल्या लॉरेन्स पुटनम यांनी हाच आलेख सॉफ्टवेअरला लावला. १९८१ मध्ये बॅरी बोहम यांनी ६३ प्रकल्पांच्या आकडेवारीवर 'कोकोमो' हे सूत्र बसवलं. त्यात प्रोग्रॅमच्या ओळींची संख्या घातली की माणूस-महिने निघतात. फक्त ती संख्या आधी अंदाजानेच ठरवावी लागते!

भारतीय कंपन्यांनी वेगळीच वाट धरली. परदेशी ग्राहकाचं काम कधी येईल याचा नेम नाही, म्हणून पदवीधर आधीच कॉलेजातून उचलायचे, शिकवायचे आणि काम येईपर्यंत 'बेंच'वर बसवायचे. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांच्या घरात हा शब्द आता आजी-आजोबांनाही कळतो. ओएस/३६०च्या त्या प्रमुखाला जी रिकामी माणसं खुपत होती, ती इथे धंद्याची तरतूद ठरली.

काम येईल या अंदाजाचा भुर्दंड मात्र नेहमी कंपनीच भरते असं नाही. कोविडनंतर मागणी उसळली तेव्हा धडाधड ऑफर लेटर निघाली. मग मागणी मंदावली आणि २०२२ साली ऑफर लेटर मिळालेले काही पदवीधर दीड-दोन वर्षं रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत राहिले. तोवर बेंचचा पगारही त्यांच्या वाट्याला नव्हता.